अलास्काला नव्या कंपनीच्या जहाजानं जाताय? आधी मार्ग बघा, मग जहाज

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही दोघं पुण्याचे, साठीच्या आसपासचे. आजवर एकदा कॉर्डेलियानं मुंबई-गोवा केलंत आणि एकदा रॉयल कॅरिबियननं सिंगापूरहून फिरून आलात. मुलगा सिएटलजवळ बेलव्ह्यूला असतो. त्याच्याकडे मुक्काम असताना ऑगस्टच्या अखेरीची सात रात्रींची अलास्का क्रूझ त्यानं हॉलंड अमेरिका लाइनवर बुक करून दिली आहे. सिएटलहून निघून सिएटललाच परत, मध्ये ज्युनो, ग्लेशियर बे, आयसी स्ट्रेट पॉइंट, केचिकन आणि शेवटी व्हिक्टोरिया. तुमच्या ग्रुपमधलं एक जोडपं त्याच आठवड्यात रॉयल कॅरिबियनच्या मोठ्या जहाजानं चाललंय. त्यांच्या मार्गात स्कॅगवे आणि एंडिकॉट आर्म आहे, आणि ‘हॉलंड अमेरिकावर सगळी म्हातारी माणसं, कंटाळून जाल’ असं त्यांनी तुम्हाला ऐकवलंय. म्हणून विचारताय की ओळखीची कंपनी सोडून फसलो का, अजून वेळ आहे तर बदलून घेऊ का. शिवाय जेवण, बाल्कनी, थंडी, बोट लागणं, व्हिसा हे आहेच.

बदलू नका.

आता कारण सांगतो. सिंगापूरच्या क्रूझवर जहाज हेच ठिकाण असतं. पोहण्याचे तलाव, शो, भिंत चढणं, रात्री दोनपर्यंत गजबज. मध्ये पेनांग किंवा फुकेत आलं तर आलं. त्यामुळे जहाज किती मोठं, किती नवं, वर काय काय आहे, हे बघून बुकिंग करायची सवय लागते, आणि तिथं ती सवय बरोबरही आहे. अलास्कात उलटं आहे. बघायचं ते सगळं कठड्याच्या बाहेर असतं. तिथं दोन कंपन्यांत निवड करताना मी गिऱ्हाइकाला तीनच गोष्टी विचारायला लावतो: हिमनदी कोणती, बंदरात किती तास आणि कुठल्या वेळेला, आणि जहाज निघतं कुठून. जहाजावर काय आहे हे त्यानंतर. तुमच्या मुलानं मुद्दाम केलं की योगायोगानं, ते मला माहीत नाही, पण पहिल्या मुद्द्यात त्यानं बाजी मारली आहे. ग्लेशियर बे हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथं दिवसाला फक्त दोन मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो. हे परवाने मोजक्याच कंपन्यांकडे आहेत, त्यात हॉलंड अमेरिका आणि प्रिन्सेस यांचा वाटा सर्वांत मोठा. रॉयल कॅरिबियनची जहाजं तिथं जात नाहीत. तुमच्या मित्रांच्या जहाजावर पाण्याच्या घसरगुंड्या असतील, पण हा दिवस त्यांच्या पत्रिकेत नाही.

एंडिकॉट आर्म वाईट आहे असं मी म्हणत नाही. दोन्ही बाजूंना उभे कडे, त्यावरून कोसळणारे धबधबे आणि टोकाला डॉज हिमनदी. पण ती खाडी अरुंद आहे. सुटलेले हिमखंड साचले की कप्तान वाटेतूनच जहाज वळवतो, आणि मग हिमनदीचं दर्शन लांबूनच होतं. शेजारच्या ट्रेसी आर्ममध्ये तर ऑगस्ट २०२५ मध्ये डोंगराची मोठी कड कोसळून त्सुनामी उठली होती. ग्लेशियर बे रुंद आहे, जहाज तिथं जवळजवळ अख्खा दिवस घालवतं आणि हिमनदीसमोर उभं राहून सावकाश गोल फिरतं, म्हणजे डावी बाजू, उजवी बाजू, सगळ्यांना सारखं दिसतं.

बाकी उत्तर सवडीनं वाचा, पण व्हिसाचं आज बघा. जहाज अमेरिकेतून निघून अमेरिकेतच परत येतं, मग अमेरिकेचा व्हिसा पुरे, असं बहुतेकांना वाटतं. आणि इथंच भारतीय पासपोर्टवाले बंदरावरून माघारी पाठवले जातात. व्हिक्टोरिया कॅनडात आहे. ते तुमच्या मार्गात हौसेखातर ठेवलेलं नाही. अमेरिकेचा १८८६ सालचा एक कायदा आहे, त्यानुसार परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकेच्या बंदरातून प्रवासी घेऊन, एकाही परदेशी बंदराला न शिवता परत येता येत नाही. हॉलंड अमेरिकाच्या जहाजांवर नेदरलँड्सचा झेंडा असतो, रॉयल कॅरिबियनच्या जहाजांवर बहामाचा. म्हणून सिएटलहून निघणारी बहुतेक जहाजं शेवटच्या संध्याकाळी काही तासांपुरती व्हिक्टोरियाला टेकतात. तुम्हाला तिथं उतरायचं नसलं तरी कॅनडाचा व्हिजिटर व्हिसा लागतोच, आणि तो नसेल तर सिएटलच्या धक्क्यावरच जहाजात घेत नाहीत. ‘आम्ही खोलीतच बसून राहू’ हे तिथं चालत नाही.

अर्ज भारतातून निघायच्या आधीच करा. बोटांचे ठसे द्यावे लागतात, नंतर शिक्का मारायला पासपोर्ट पाठवावा लागतो, आणि या सगळ्याला किती आठवडे लागतील याचा भरवसा नसतो. मुलगा-सून बरोबर येणार असतील तर त्यांचंही बघा. ग्रीन कार्ड असेल तर कॅनडाचा व्हिसा लागत नाही, पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ हवीत. एच-१बीवर असतील तर त्यांनाही व्हिसा लागतो, आणि तरुण मंडळी नेमकी हेच विसरतात. तुमचा अमेरिकेचा व्हिसा अनेक प्रवेशांचा आहे ना, तेही एकदा उघडून बघा. आणखी एक. क्रूझच्या निमित्तानं कॅनडाला शिवून आल्यावर अमेरिकेतल्या मुक्कामाचे सहा महिने नव्यानं सुरू होतात असं पुष्कळ आईवडील धरून चालतात. तसं धरू नका. परतीचं विमान पहिल्या प्रवेशाच्या मुदतीतलंच ठेवा.

आता जहाजाबद्दल. तुमचे मित्र म्हणाले ते अगदीच खोटं नाही. हॉलंड अमेरिकावर सरासरी वय जास्त असतं, लहान मुलं कमी, रात्री साडेदहानंतर बरीचशी सामसूम. भिंत चढणं, बर्फावरचं स्केटिंग यातलं काही नाही. त्याऐवजी दोन-तीन ठिकाणी रोज संध्याकाळी वाजवणारे वादक असतात, अलास्कावर व्याख्यानं असतात, आणि जहाजाला पूर्ण वळसा घालणारा प्रोमेनाड डेक असतो. हा डेक म्हणजे या कंपनीची खरी दौलत आहे. पाण्यापासून फार उंच नाही, वर छत, त्यामुळे पाऊस असला तरी फेऱ्या मारता येतात. सकाळी कमला नेहरू पार्कात फेऱ्या मारणाऱ्या माणसाला इथं परकं वाटणार नाही. तिथं लाकडी आरामखुर्च्या असतात; घोंगडं पांघरून बसलं की एक दुपार तिथंच जाते.

कंटाळा येईल का, याचं उत्तर तुमच्या झोपेच्या वेळेवर आहे. सिंगापूरला तुम्ही रात्री जागलात आणि सकाळी दहाला नाश्त्याला आलात असं तुम्हीच लिहिलंय. अलास्कात पहाटे साडेपाचला डेकवर उभं राहणाऱ्याला व्हेल दिसतात आणि नऊला उठणाऱ्याला त्यांचे किस्से ऐकायला मिळतात. घड्याळही तुमच्या बाजूनं आहे. अलास्काची वेळ सिएटलच्या एक तास मागे, म्हणजे जाताना एक तास जास्तीचा मिळतो. येताना तो परत जातो हे लक्षात ठेवा. मोबाइल आपोआप वेळ बदलतो आणि कधी बदलत नाही. जहाजाची वेळ काय चालू आहे ते खोलीतल्या फोनवर किंवा ॲपवर बघा आणि मनगटावरचं घड्याळ त्याला लावा.

जुन्या कंपनीच्या सवयी काही ठिकाणी अडतील. रॉयल कॅरिबियनमध्ये तुमची जी काही सदस्यत्वाची पायरी झाली असेल ती इथं चालत नाही, कारण हॉलंड अमेरिका कार्निव्हल कॉर्पोरेशनच्या घरातली. ॲप वेगळं, ते घरी असतानाच उतरवून त्यात पासपोर्टची माहिती, फोटो आणि क्रेडिट कार्ड भरून ठेवा. सात दिवसांत साधारण दोन संध्याकाळी जरा ठेवणीतले कपडे घालून जेवायला जायचं असतं. वहिनींनी एखादी रेशमी साडी बरोबर घ्यावी, त्यापुढे दुसऱ्या कुठल्या पोशाखाची गरज नाही. तुम्हाला कोट नसला तरी चालेल, बंद गळ्याचा कुर्ता आणि जाकीट उत्तम. टीप रोजची माणशी आपोआप बिलात लागते, सतरा डॉलर आणि वर, म्हणजे दोघांची सात दिवसांची अडीचशे डॉलरच्या आसपास. ही रक्कम तिकिटाच्या किमतीत दिसत नाही, म्हणून आपली माणसं शेवटच्या दिवशी चकित होतात. मुलानं आधीच भरली आहे का ते विचारा.

जेवणाचं तुम्ही सविस्तर विचारलंय, तर सविस्तरच सांगतो. दोघं शाकाहारी, आणि वहिनी चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत. शाकाहाराची अजिबात अडचण नाही. वरच्या मजल्यावरच्या बुफेत आणि मुख्य डायनिंग रूममध्ये रोज काही ना काही असतं, अधूनमधून भारतीय पदार्थही. कांदा-लसणाशिवाय मात्र आयत्या वेळी मागून मिळणार नाही. त्याची रीत अशी: बुकिंग झाल्यावर लगेच विशेष आहाराची नोंद करायची, आणि पहिल्या संध्याकाळी डायनिंग रूमच्या प्रमुखाला प्रत्यक्ष भेटायचं. मग रोज रात्री जेवण झालं की तो दुसऱ्या दिवशीचा मेन्यू पुढे ठेवतो, त्यातून आदल्या दिवशीच सांगायचं. असं केलं की स्वयंपाकघर मनापासून करतं. जेवायचं टेबल दोघांचं वेगळं हवं की इतरांबरोबर, तेही विचारतात. माझं मत विचाराल तर दोन दिवस तरी इतरांबरोबर बसा. तिथं निवृत्त शिक्षक, शेतकरी, रेल्वेवाले भेटतात आणि गप्पांना त्यांना वेळ असतो.

तीन गोष्टींवर नजर ठेवा. भाजीच्या सूपमध्ये कोंबडीचा किंवा मांसाचा रस्सा असू शकतो, थाई पदार्थात माशांचा सॉस असतो, आणि थरथरणाऱ्या गोड पदार्थात जिलेटिन. विचारायला लाजू नका. आणि एक खास या कंपनीपुरतं: हिमनदीच्या दिवशी डेकवर गरम गरम वाटाण्याचं सूप वाटायची त्यांची जुनी डच परंपरा आहे. हिरवंगार, घट्ट, वाफाळलेलं. थंडीत कुडकुडताना कुणीतरी प्रेमानं कप पुढे करतं आणि आपण ‘वाटाणाच तर आहे’ म्हणून घेतो. मूळ डच पद्धतीत त्यात डुकराचं मांस असतं. आधी विचारा, शाकाहारी भांडं वेगळं असेल तरच घ्या.

घरून चिवडा, थेपले, लोणचं, मेतकूट, जे नेताय ते व्यवस्थित बंद पाकिटातलं न्या. पाणी उकळायची किटली मात्र नेऊ नका. इस्त्री आणि किटली या दोन गोष्टी आगीच्या भीतीनं जहाजावर चालत नाहीत, सामान तपासताना काढून घेतात. आयत्या चहाची पाकिटं न्या, गरम पाणी बुफेत असतं. जहाजावरचं किंवा घरचं खाणं, विशेषतः फळं, व्हिक्टोरियाला खाली उतरवू नका.

बाल्कनीबद्दल माझं मत जरा धंद्याच्या विरुद्ध आहे, कारण बाल्कनी विकली तर आम्हालाही बरं असतं. या कंपनीच्या जहाजावर हिमनदीच्या दिवशी एरवी बंद असणारा पुढचा डेक, म्हणजे नाळेजवळचा भाग, प्रवाशांना उघडून देतात. तिथून जे दिसतं ते कुठल्याही बाल्कनीतून दिसत नाही. प्रोमेनाड डेक आहेच. त्यामुळे धडधाकट माणसानं साधी खिडकीची खोली घेऊन उरलेले पैसे एका चांगल्या सहलीवर घालावेत असं मी सांगतो. पण वहिनींच्या गुडघ्यांचं तुम्ही लिहिलंय. तासन्‌तास उभं राहणं त्यांना जमणार नसेल तर बाल्कनी घ्याच, खुर्चीत शाल पांघरून बसता येतं आणि बाथरूम चार पावलांवर. खोली जहाजाच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यावर मागा. ‘गॅरंटी’ म्हणून जी स्वस्त खोली मिळते ती घेऊ नका. ती कुठं देतील हे कंपनी ठरवते, आणि मग टोकाची किंवा खिडकीसमोर जीवरक्षक नाव लटकणारी खोली पदरात पडते.

बोट लागण्याचं. गोव्याला जाताना तुम्हाला लागली होती, तेव्हा काळजी रास्त आहे. अलास्काच्या क्रूझवर बहुतेक वेळ बेटांच्या आडोशानं जायचं असतं, पाणी तळ्यासारखं. पण सिएटलहून निघणारी जहाजं बरेचदा व्हँकुव्हर बेटाच्या बाहेरून, उघड्या पॅसिफिकमधून जातात, व्हँकुव्हरहून निघणारी आतून. म्हणजे तुमचा पहिला पूर्ण दिवस आणि शेवटाकडचा दिवस हलण्याचे. गोळी बोट लागल्यावर घेऊन उपयोग नसतो, तासभर आधी घ्यावी लागते. ॲव्होमिन वगैरे जे घ्याल ते तुमच्या डॉक्टरांना विचारून, कारण झोप येते आणि तुमच्या रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. खिशात आलेपाक ठेवा. पोट रिकामं ठेवू नका. आणि खोलीत पडून राहण्याऐवजी मधल्या खालच्या डेकवर क्षितिजाकडे बघत बसा.

थंडीबद्दल लोक फार घाबरवतात. ऑगस्टअखेर ज्युनो-केचिकनला दिवसा दहा ते सोळा-सतरा अंश असतं. खरा त्रास पावसाचा. केचिकनला वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो आपल्यासारखा चार महिन्यांत उरकत नाही, बारा महिने रिपरिप चालू. तेव्हा जाडजूड लोकरीचा कोट नको. आत थर्मल, मध्ये स्वेटर, वर टोपीचं पाणी न शिरणारं जाकीट, पायात पकड असलेले भिजले तरी चालतील असे बूट. छत्री डेकवर उलटते, ती विसरा. हिमनदीसमोर बर्फावरून येणारा वारा कानशिलं बधिर करतो. कानटोपी आणि हातमोजे तेवढ्यासाठी. आणि दुर्बीण. एक नाही, दोन. एका दुर्बिणीवरून सुखी संसारात भांडणं होताना मी अलास्कात जितकी पाहिली तितकी कुठे नाही, कारण व्हेल वर येऊन जाईपर्यंत दुर्बीण हातातून हातात जायला वेळच नसतो.

ग्लेशियर बेचा दिवस कसा घालवायचा ते नीट सांगतो, कारण याच दिवसासाठी तुम्ही चालला आहात. सकाळी खाडीच्या तोंडाशी उद्यानाची छोटी बोट चालत्या जहाजाला येऊन भिडते आणि रेंजर बाजूच्या शिडीवरून वर चढतात. हे बघायला प्रोमेनाड डेकवर जा. मग दिवसभर ध्वनिक्षेपकावर ते सांगत असतात कुठं काय बघायचं. त्यांच्याबरोबर हूना त्लिंगित समाजाची माणसंही येतात, ही खाडी मूळ त्यांची. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरच्या माणसांनी ही जागा पाहिली तेव्हा खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडापाशीच बर्फाची भिंत होती. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्यूर आला तोवर बर्फ कित्येक मैल मागे गेला होता, आणि १९१६ पर्यंत सुमारे ६५ मैल, म्हणजे शंभर किलोमीटरहून जास्त. म्हणजे तुमचं जहाज सकाळपासून ज्या पाण्यावरून चाललेलं असतं तिथं १७९४ मध्ये बर्फ होता. हे डोक्यात ठेवून दोन्ही काठ बघा: तोंडाशी दाट सूचिपर्णी जंगल, पुढे झुडपं, आणखी पुढे नुसता दगड. जमीन बर्फाखालून किती वर्षांपूर्वी मोकळी झाली ते त्यावरून दिसतं. पाणीही हळूहळू दुधाळ हिरवं होत जातं, ते हिमनदीनं दळलेल्या खडकाच्या पिठामुळे.

खाडीच्या आतल्या टोकाला मार्जरी हिमनदी आहे, तिचं तोंड सुमारे एक मैल रुंद. तिथं जहाज थांबलं की लोक फोटो काढतात, कॉफी आणायला जातात, गप्पा मारतात आणि मग गडगडाट झाला की सगळे वळतात. तोवर तुकडा पाण्यात गेलेला असतो. आवाज पोचायला वेळ लागतो, त्यामुळे कानांवर विसंबू नका. भिंतीचा एक भाग निवडा, जिथून बारीक चुरा घरंगळतोय असा, आणि दुर्बीण त्यावरच ठेवा. मोठा कडा सुटण्याआधी बरेचदा असा चुरा पडायला लागतो. बर्फाचा निळा रंगही जवळून बघा. ताज्या तुटलेल्या जागी तो सर्वांत गडद असतो, कारण दाबानं घट्ट झालेलं बर्फ लाल प्रकाश शोषून घेतं. तुमच्या तारखेत एक हुकणार आहे. जॉन्स हॉपकिन्स ही शेजारची खाडी सीलच्या पिल्लांसाठी मे ते ऑगस्टअखेर क्रूझ जहाजांना बंद असते, एक सप्टेंबरपासून उघडते. सहल एका आठवड्यानं पुढे नेता आली तर तिथं शिरायची शक्यता असते, पण सप्टेंबरात पाऊस वाढतो. त्यासाठी तारीख बदला असं मी म्हणणार नाही.

बंदरांचं. व्हेल बघायची सहल ज्युनोला आणि आयसी स्ट्रेट पॉइंटला, दोन्हीकडे विकतात. दोन्ही घेऊ नका. ती आयसी स्ट्रेटला घ्या, कारण पॉइंट ॲडॉल्फस हे हंपबॅक व्हेलचं चरण्याचं ठिकाण तिथून जवळ आहे, बोटीत वेळ जाण्यात कमी आणि बघण्यात जास्त जातो. हे बंदर हूना गावाजवळ आहे, १९१२ च्या, सामन मासे डबाबंद करण्याच्या जुन्या कारखान्याभोवती उभं केलेलं आणि तिथल्या त्लिंगित लोकांच्याच कंपनीच्या मालकीचं. तुमचे मित्र ज्याला ‘तिथं काहीच नाही’ म्हणाले ते हेच. दुकानं कमी आहेत, हे खरं.

मग ज्युनो मेंडेनहॉल हिमनदीसाठी मोकळं राहतं. धक्क्यापासून २० किलोमीटरच्या आसपास. तिथं जाणाऱ्या बसगाड्यांना परवाने मर्यादित असतात, त्यामुळे तिकीट आधीच काढा, धक्क्यावर जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. सिटी बसनं गेलात तर शेवटचे दोन-अडीच किलोमीटर चालावं लागतं, वहिनींना नको. हिमनदीजवळच्या माहिती केंद्रापासून फोटो पॉइंटपर्यंतची वाट अर्ध्या किलोमीटरची, सपाट, गुडघ्यांना सोसेल. नगेट फॉल्स या धबधब्याच्या पायथ्याशी जायला एकीकडून दीड किलोमीटर, तिथं तुम्ही एकटे जाऊन या. निघण्याआधी बातम्या बघा: २०२३, २०२४ आणि २०२५ अशी तिन्ही वर्षं ऑगस्टमध्ये वरच्या खोऱ्यातला तलाव फुटून मेंडेनहॉल नदीला पूर आला होता. तसं झालं तर तो भाग बंद असू शकतो, मग शहरातूनच निघणारी ट्राम घेऊन माउंट रॉबर्ट्सवर जा.

केचिकनला सहल विकत घेऊच नका. ऑगस्टमध्ये गावातल्या ओढ्यात सामन मासे प्रवाहाविरुद्ध चढत असतात. क्रीक स्ट्रीटच्या लाकडी पुलावर उभं राहून खाली बघितलं की पाणी काळं दिसतं, आणि मग कळतं की ते मासे आहेत. फुकट. जवळच टोटेम खांबांचं संग्रहालय आहे. आपली माणसं त्या खांबांना हात जोडतात. तसं काही नाही, ते देव नव्हेत, घराण्याच्या कथा, हक्क आणि स्मृती त्यावर कोरलेल्या असतात. धक्क्यावरच्या हिऱ्यांच्या दुकानांत शिरू नका. मोसम संपला की ती कुलूप लावून निघून जातात.

स्कॅगवे हुकतंय, त्याचं वाईट वाटून घ्यायचं तर घ्या. सोन्याच्या शोधात धावलेल्यांसाठी १८९८ ते १९०० मध्ये बांधलेली व्हाइट पासची रेल्वे खरोखर पाहण्यासारखी आहे, पहिल्या वीस मैलांत साडेआठशे मीटरहून जास्त चढते. नेरळ-माथेरानची गाडी मनापासून आवडत असेल तर ही तिची थोरली बहीण, रूळ तीन फुटी. पण ती आणि ग्लेशियर बे यांत एकच मिळत असेल तर मी डोळे झाकून ग्लेशियर बे घेईन.

सहली कंपनीकडूनच घ्याव्यात की बाहेरून? बाहेरच्या स्वस्त आणि लहान गटाच्या असतात, पण परत यायला उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही. कंपनीच्या सहलीला थांबतं. आयसी स्ट्रेटला कंपनीचीच घ्या, ज्युनोला बाहेरची चालेल, फक्त शेवटच्या वेळेच्या दीड तास आधी धक्क्यावर या.

प्रवास विमा घेताना दोन गोष्टी वाचा: क्रूझवरचे उपचार त्यात धरलेत का, आणि आधीपासूनचा रक्तदाब धरलाय का. जहाजावरच्या डॉक्टरचे पैसे आधी कार्डावरून जातात, विम्याकडून नंतर मागायचे असतात. गोळ्या हातातल्या पिशवीत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. मोठ्या बॅगा दारात सोडल्यावर खोलीत पोचायला कधी कधी संध्याकाळ होते.

सिएटलला दोन क्रूझ धक्के आहेत आणि टॅक्सीवाला विचारल्याशिवाय कुठल्याही एकाकडे नेतो. हॉलंड अमेरिकाची जहाजं पिअर ९१ वरून सुटतात, पिअर ६६ वरून नाही. मुलगा सोडायला येणार असेल तर त्यालाही आधी सांगून ठेवा. परतल्यावर लगेच विमान नसल्यामुळे तुम्हाला घाई नाही, तेव्हा उतरण्याचा क्रमांक उशिराचा मागा आणि निवांत नाश्ता करून उतरा. कॅनडाच्या अर्जासाठी क्रूझचं बुकिंग, अमेरिकेच्या व्हिसाची प्रत, मुलाचं पत्र आणि बँकेचे उतारे लागतील. अर्जात प्रवासाचं कारण लिहिताना जहाजाचं नाव आणि व्हिक्टोरियाला पोचायची तारीख नीट घाला.